दहा टक्के म्हणजे नेमके किती? झटपट कर्जाचा हिशोब, कायदा आणि सुटकेचे मार्ग

मालेगाव-भिवंडीचा यंत्रमाग कामगार असो, मुंब्र्याचा रिक्षावाला असो की मिरजेत हातगाडी लावणारा. अडचण आली की त्याला लागणारी रक्कम फार मोठी नसते. पाच हजार, दहा हजार, फार तर पंचवीस. मुलाचा ताप उतरत नाही, घरमालक दारात उभा आहे, माग आठवडाभर बंद आहे, शाळेने फी भरल्याशिवाय परीक्षेला बसू देणार नाही म्हणून सांगितलंय. एवढ्या रकमेसाठी बँक दार उघडत नाही. पगाराची स्लिप नाही, घराचे कागद नाहीत, आयकर विवरण नाही. मुस्लिम वस्त्यांपर्यंत बँकांचं कर्ज पुरेसं पोहोचत नाही, हे सच्चर समितीने २००६ सालीच लिहून ठेवलंय. जिथे बँक पोहोचत नाही तिथे दुसरं कोणीतरी पोहोचतंच.

हे "दुसरं कोणीतरी" कोण, ते घेतं किती, कायदा काय म्हणतो आणि अडकलेल्या माणसाने काय करायचं, याची माहिती इथे एकत्र दिली आहे. ज्या घरात असं कर्ज नाही त्यांनीही वाचावी, कारण शेजारच्या घरात ते असू शकतं आणि तिथल्या माणसाने कोणाला सांगितलेलं नसतं.

आकडा ऐकायला लहान वाटतो

वस्तीतला सावकार "दहा टक्के" म्हणतो तेव्हा तो महिन्याचं बोलत असतो. बँक व्याज वर्षाचं सांगते, सावकार महिन्याचं, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी बसतात. बँकेचे चौदा टक्के, याचे दहा. मग हाच स्वस्त वाटतो. महिन्याला दहा म्हणजे वर्षाला एकशे वीस टक्के.

आता रुपयांत बघू. दहा हजार मागितले. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून हातात नऊ हजार आले. पुढे दर महिन्याला एक हजार द्यायचे. हे हजार मुद्दलात जमा होत नाहीत, ते फक्त व्याज. वर्षभर इमानाने दिले तर आधी कापलेले धरून बारा हजार गेले, आणि देणं अजून दहा हजारच. माणूस म्हणतो, "मी तर कधी हप्ता चुकवला नाही, मग फिटत का नाही?" ते फिटू नये अशीच रचना आहे. एकरकमी दहा हजार आणल्याशिवाय मुद्दल सावकार घेतच नाही, आणि दर महिन्याला हजार देणाऱ्याकडे एकरकमी दहा हजार साठणार कुठून?

"डेली"चा हिशोब आणखी फसवा. बाजारात दुकानदार, भाजीवाले, फेरीवाले यांच्यात हा प्रकार जास्त चालतो. दहा हजारांचं कर्ज, हातात साडेआठ हजार, आणि रोज शंभर रुपये याप्रमाणे शंभर दिवस. संध्याकाळी मोटारसायकलवर माणूस येतो, शंभर घेतो, छोट्या कार्डावर सही करतो. ऐकायला पंधराशे रुपये "खर्च", म्हणजे पंधरा टक्के वाटतात. पण साडेआठ हजार शंभर दिवस आपल्याकडे राहत नाहीत. पहिल्या दिवसापासून ते परत जायला लागतात. पन्नासाव्या दिवशी निम्मं कर्ज फेडलेलं असतं, तरी पंधराशे मात्र पूर्ण रकमेवर आणि पूर्ण काळासाठी घेतलेले असतात. नीट हिशोब केला तर हे व्याज वर्षाला साधारण १२० टक्क्यांच्या घरात जातं. म्हणजे दहा टक्केवाल्या सावकाराइतकंच, फक्त चेहरा वेगळा.

मोबाइलमधला सावकार

सगळ्यात विषारी प्रकार ॲपचा. कागद नाही, जामीन नाही, पाच मिनिटांत पैसे. लॉकडाऊनमध्ये, २०२० साली, हा धंदा देशभर फोफावला आणि त्याच वर्षाच्या शेवटी तेलंगणात पोलिसांनी मोठ्या धाडी घातल्या. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने २०२१ च्या सुरुवातीला तपासलं तेव्हा भारतातल्या अँड्रॉइड मोबाइलसाठी कर्ज देणारी साधारण ११०० ॲप सापडली. त्यातली ६०० बेकायदा होती. निम्म्याहून जास्त.

बेकायदा ॲपचा नेहमीचा नमुना असा: पाच हजार मंजूर, "प्रोसेसिंग" आणि "सर्व्हिस चार्ज" कापून खात्यात ३,२०० रुपये, आणि सातव्या दिवशी पूर्ण ५,००० परत. सात दिवसांत १,८०० रुपये. वर्षाच्या भाषेत हे व्याज २,९०० टक्क्यांच्या वर जातं. हा छापण्यातला दोष नाही, गुणाकार करून बघा.

सातव्या दिवशी पैसे नसतात. ज्याच्याकडे आज पाच हजार नव्हते त्याच्याकडे आठवड्याने तरी कुठून येणार? तेव्हा तेच ॲप दुसऱ्या ॲपची जाहिरात दाखवतं. पाच हजार फेडायला हातात पाच हजार यायला हवेत, आणि त्याच कापणीच्या दराने त्यासाठी साधारण ७,८०० चं कर्ज घ्यावं लागतं. चौदाव्या दिवशी ते फेडायला १२,२००. एकविसाव्या दिवशी १९,०००. म्हणजे अठ्ठाविसाव्या दिवशी या माणसाने १९,००० रुपये द्यायचे आहेत आणि खरोखर वापरायला मिळाले होते फक्त ३,२००. मधले सगळे पैसे एका ॲपकडून दुसऱ्या ॲपकडे गेले. पुष्कळदा ही वेगवेगळ्या नावांची ॲप एकाच टोळीची असतात.

यानंतर फोन सुरू होतात. ॲप टाकताना "अलाऊ, अलाऊ" करत आपण सगळे संपर्क आणि फोटो त्यांच्या हवाली केलेले असतात. मग मेहुण्याला फोन, मालकाला फोन, मुलीच्या सासरी मेसेज. फोटोत फेरफार करून घाणेरडी चित्रं बनवतात आणि पाठवण्याची धमकी देतात. महिलांच्या बाबतीत हे जास्त होतं, आणि आपल्या घरांत आपा किंवा भाभी ही गोष्ट नवऱ्यापर्यंत नेण्याआधी आणखी दोन ॲपवरून कर्ज काढते.

ग्रुप लोन: कायदेशीर, पण सांभाळून

मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या महिला गटांच्या कर्जाला इतरांच्या रांगेत बसवणं बरोबर नाही. या कंपन्या रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या असतात, हिशोब देतात, आणि व्याज सावकारापेक्षा खूप कमी असतं. तरी ते बहुतेकदा वर्षाला २० टक्क्यांच्या वर असतं. खरा त्रास तेव्हा होतो जेव्हा एकाच बाईच्या नावावर तीन-चार कंपन्यांचे हप्ते सुरू होतात, किंवा कर्ज तिच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याच्या हातात जातो. एकीने हप्ता चुकवला की बाकीच्या जणी तिच्या दारात जाऊन बसतात, कारण वसुलीवाला त्यांना घरी सोडत नाही. वर्षानुवर्षांची शेजारीण एका मंगळवारी दुश्मन होते.

रिझर्व्ह बँकेचे १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेले नियम इथे माहीत असायला हवेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे बिनतारण कर्ज मिळतं. त्या घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, पूर्ण कर्जावर नाही. वसुलीवाल्याने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाईक-शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही. वसुली ठरलेल्या ठिकाणीच. घरी यायचं ते सलग दोन किंवा जास्त वेळा त्या ठिकाणी कोणी आलं नाही तरच. रात्री दहा वाजता ओट्यावर बसून राहणारा माणूस नियम मोडत असतो. त्याला हे तोंडावर सांगता येतं.

सूद, लाज आणि गप्प बसणं

सूद हराम आहे हे आपल्यात लहान मुलालाही माहीत असतं. सूरह बकराच्या २७५ ते २८१ या आयतींत त्याबद्दल किती कडक शब्द आहेत ते जुम्याच्या बयानात आपण ऐकतो. त्याच सलग आयतींत २८० वी आयतही आहे, आणि तिच्यावर बयान कमी होतात. कर्जदार तंगीत असेल तर त्याला सवड द्या, आणि माफ करून टाकलं तर ते आणखी चांगलं, असा तिचा आशय आहे. सख्ती सूद घेणाऱ्यावर आहे, तंगीत सापडलेल्यासाठी नरमी आहे. वस्तीत मात्र उलटं घडतं. सूद खाणारा पांढऱ्या कपड्यांत पहिल्या सफमध्ये उभा राहतो आणि सूद भरणारा तोंड लपवून फिरतो.

या लाजेवरच हा धंदा चालतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. सावकाराची आणि ॲपवाल्याची धमकी एकच असते: "सगळ्यांना सांगेन." माणूस "सगळ्यांना कळू नये" म्हणून दुसरं कर्ज काढतो, दागिना विकतो, मुलाचं शिक्षण थांबवतो. ज्याने पहिल्याच महिन्यात भावाला किंवा अब्बांना सांगितलं त्याचं नुकसान दहा हजारांत थांबतं. ज्याने वर्षभर लपवलं त्याचं दीड-दोन लाखांवर जातं. मजबुरीत असं कर्ज घेतलं तर शरियतचा हुकूम काय, हा प्रश्न आलिमांना विचारावा. फतवा देणं आमचं काम नाही. पण विचारण्यासाठी तरी तोंड उघडावं लागतं, आणि अडकलेला माणूस इमामसाहेबांकडेच सगळ्यात शेवटी जातो, ओरडा बसेल या भीतीने.

थोडं विषयांतर. मराठीत जबर व्याजाला "पठाणी व्याज" म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मुंबईत गिरणी कामगारांना व्याजाने पैसे देणाऱ्यांत काबुली पठाण होते, आणि काठी घेऊन गिरणीच्या दारात उभं राहणं ही त्यांची वसुलीची रीत होती. इतर जातीधर्मांचे सावकारही कमी नव्हते, पण शब्द यांच्या नावाने रुजला. ज्या दीनमध्ये सूद इतका वाईट, त्याच्या लोकांच्या नावावर हा शब्द बसावा याचं वाईट वाटतं. आजही काही मोहल्ल्यांत "डेली" चालवणारे आपलेच आहेत. ते त्याला सूद म्हणत नाहीत. "खर्चापानी", "नफा", "पार्टनरशिप" म्हणतात. ठरलेली रक्कम, ठरलेल्या मुदतीत, धंदा चालो वा बुडो, मुद्दलाच्या वर द्यायचीच असेल तर नाव बदलल्याने काय फरक पडतो?

कायदा कर्जदाराच्या बाजूने किती?

आपल्याला वाटतं त्यापेक्षा बराच.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ नुसार परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणं हा गुन्हा आहे. पाच वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना असलेल्या सावकारालाही मनमानी दर लावता येत नाही. राज्य सरकारने २०१४ साली ठरवलेले कमाल दर असे: शेतकऱ्याला तारण कर्ज वर्षाला ९ टक्के, बिनतारण १२ टक्के, इतरांना तारण १५ टक्के, बिनतारण १८ टक्के. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या दहा हजारांवर वर्षाला जास्तीत जास्त १,८०० रुपये व्याज घेता आलं असतं. घेतले बारा हजार.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. सावकार मुद्दलापेक्षा जास्त रक्कम व्याज म्हणून कधीच वसूल करू शकत नाही. दर महिन्याला दहा टक्के देणारा माणूस दहाव्या महिन्यात ही हद्द गाठतो. त्यानंतर त्याने दिलेला प्रत्येक रुपया सावकाराने कायद्याच्या बाहेर जाऊन घेतलेला असतो. चक्रवाढ व्याज लावायलाही मनाई आहे. कर्जापोटी जागा किंवा जमीन सावकाराने लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधक चौकशी करून ती परत देण्याचा आदेश देऊ शकतात. "खरेदीखत झालंय, आता काय होणार" असं म्हणून कित्येक जण गप्प बसतात, पण हा रस्ता त्यांच्यासाठीच आहे.

तक्रार करायची ती सहकार खात्याकडे: तालुक्याला सहायक निबंधक, जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक. पोलिसांकडेही जाता येतं, विशेषतः धमकी असेल तर. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खंडणीसाठी कलम ३०८ आणि धमकावण्यासाठी कलम ३५१ आहे. अर्जात ही कलमं लिहिली तर ठाण्यात "हा तुमचा आपसातला व्यवहार आहे" असं सांगून परत पाठवणं जरा अवघड होतं.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना, म्हणजे एनबीएफसींना, राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला. त्यांच्याविरुद्ध तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं. त्यासाठी वकील लागत नाही, फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

ॲपबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम सप्टेंबर २०२२ मध्ये आले आणि २०२५ मध्ये ते एकत्र करून पुन्हा जारी झाले. कर्ज देणारी खरी संस्था कोण, ती बँक की एनबीएफसी, हे ॲपने सांगितलंच पाहिजे. पैसे त्या संस्थेकडून थेट कर्जदाराच्या खात्यात आले पाहिजेत आणि हप्ताही थेट तिलाच गेला पाहिजे. संपर्क, फोटो, कॉलची यादी यांना हात लावायचा नाही. सगळा खर्च धरून वर्षाचा दर किती, म्हणजे एपीआर, हे दाखवणारं एक पान आधी द्यायचं. कर्ज घेतल्यावर पश्चात्ताप झाला तर किमान एक दिवस तरी असा द्यायचा की मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचा खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येईल. नोंदलेल्या कर्जदात्यांच्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. ॲप टाकण्याआधी त्यात नाव शोधा. मात्र यादीत असणं म्हणजे स्वस्त असणं नव्हे, एवढं ध्यानात असू द्या. आणि साठ दिवसांच्या आत पूर्ण परतफेड मागणाऱ्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना गूगलच्या प्ले स्टोअरवर परवानगीच नाही. त्यामुळे "सात दिवसांचं कर्ज" दिसलं किंवा व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून ॲप उतरवायला सांगितलं, तर तिथेच ओळखा.

जो आत्ता अडकला आहे त्याच्यासाठी

आधी एका वहीत सगळं उतरवा. कोणाकडून, कधी, हातात किती आले, आजवर किती दिले, अजून किती मागतात. हे लिहिताना हात थरथरतो, पण पुष्कळांना इथेच पहिल्यांदा दिसतं की मुद्दल कधीच फिटलेलं आहे.

मग घरातल्या एका माणसाला सांगा. बायकोला, भावाला, चाचांना, ज्याच्यावर भरवसा आहे त्याला. जुनं फेडायला नवं कर्ज काढणं त्याच दिवशी बंद करा.

कर्ज फेडता आलं नाही म्हणून पोलीस अटक करत नाहीत. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे. "तासाभरात गाडी येतेय" असा फोन आला की समजावं, समोरच्याकडे दुसरं हत्यार नाही. इथे एकच गोष्ट अपवाद आहे आणि ती गंभीर आहे: सही केलेला कोरा चेक. सावकार त्यावर मनाला येईल तो आकडा टाकून बँकेत लावतो आणि चेक परतला की परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ ची नोटीस पाठवतो. त्या कलमात दोन वर्षांपर्यंत कैद आणि चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड आहे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस मिळतात. या पंधरा दिवसांत वकिलामार्फत लेखी उत्तर द्या: रक्कम किती घेतली होती, किती दिली, चेक कोरा घेतला होता, सावकाराकडे परवाना नाही. नोटीस न घेता परत पाठवण्याची चूक करू नका. वकील परवडत नसेल तर तालुका किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा; महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

ॲपच्या बाबतीत घाईने ॲप काढून टाकू नका. आधी पुरावे ठेवा: धमकीचे मेसेज, फोन आलेले नंबर, पैसे कुठल्या यूपीआयवर गेले, खात्यात किती आले. सगळ्याचे स्क्रीनशॉट दुसऱ्या मोबाइलवर पाठवा. त्यानंतर ॲपच्या परवानग्या बंद करा, ॲप काढा, आणि १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या "सचेत" पोर्टलवरही बेकायदा कर्ज देणाऱ्याची तक्रार नोंदवता येते. आणि स्वतःहून सगळ्या संपर्कांना एक मेसेज टाका: "माझा मोबाइल फसव्या ॲपच्या ताब्यात गेला आहे, माझ्या नावाने काही आलं तर उघडू नका, पैसे देऊ नका." हा मेसेज एकदा गेला की "सगळ्यांना सांगेन" या धमकीतली हवाच निघून जाते. फोटोच्या धमकीला घाबरून एकदा पैसे दिले की धमकी थांबत नाही, वाढते. एका मुलीच्या बाबतीत घरच्यांनी तिला दोष न देता सोबत पोलीस ठाण्यात जाणं याचं मोल फार मोठं आहे.

कर्ज घेण्याआधी दार ठोठावण्याची ठिकाणं

मोठ्या आजारपणासाठी पैसे उचलण्याआधी दोन गोष्टी विचारा. हे रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का, आणि ते धर्मादाय आहे का. धर्मादाय रुग्णालयांना कायद्याने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशन कार्ड किंवा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटायचं. स्वतःहून हे कोणी सांगत नाही, विचारावं लागतं.

फेरीवाल्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आहे. २०२५ च्या बदलानंतर पहिलं कर्ज १५,००० रुपयांपर्यंत मिळतं आणि वेळेवर फेडल्यास सात टक्के व्याज सरकार भरतं. यात व्याज आहेच, त्यामुळे ज्यांना सूदपासून पूर्ण लांब राहायचं आहे त्यांचा प्रश्न इथे सुटत नाही. पण "डेली"च्या १२० टक्क्यांशी त्याची तुलना होऊ शकत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.

भिशी जुनी आणि चांगली सोय आहे, साधी असेल तोवर. दहा जणी, प्रत्येकी हजार, दर महिन्याला एकीला दहा हजार, चिठ्ठी काढून. इथे कोणी कोणाला वरचं काही देत नाही. बोली लावून घ्यायची भिशी वेगळी. तिथे ज्याला घाई आहे तो दहा हजारांऐवजी आठ हजार घेऊन उठतो आणि दोन हजार बाकीचे वाटून घेतात. तंगीतल्या माणसाच्या घाईची किंमत लावणं, तेच परत.

तारण ठेवून बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्थांचीही परंपरा आपल्याकडे आहे. देवबंदचा मुस्लिम फंड १९६१ पासूनचा. लोक आपली बचत नफ्याशिवाय ठेवतात, त्यातून दागिन्यांवर कर्ज दिलं जातं आणि कामकाजाचा खर्च तेवढा घेतला जातो. गहाण ठेवणं इस्लामला नामंजूर नाही. रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी घरच्या धान्यासाठी आपलं चिलखत एका यहुदी व्यापाऱ्याकडे गहाण ठेवलं होतं, हे हदीसमध्ये आलेलं आहे. सहकारी कायद्याखाली नोंदलेल्या बिनव्याजी पतसंस्थाही काही राज्यांत काम करतात; दिल्लीची सहूलत मायक्रोफायनान्स सोसायटी त्यांना मार्गदर्शन करते. पण नुसती पाटी बघून भुलू नका. "हलाल"च्या नावाने बंगळुरूच्या आयएमएमध्ये हजारो मुस्लिम घरांची बचत २०१९ मध्ये बुडाली. नोंदणी क्रमांक, लेखापरीक्षण, आणि "कर्ज मंजूर, आधी फी भरा" असं कोणी म्हणालं तर सरळ उठून चालायला लागणं, एवढं पाळा.

मस्जिदच्या किंवा जमातीच्या पातळीवर कर्ज-ए-हसनाचा छोटा फंड उभा करणं वाटतं तितकं अवघड नाही. शंभर घरांनी महिन्याला दोनशे रुपये दिले तर वर्षाला २,४०,००० जमा होतात. दहा हजारांचं एक कर्ज धरलं तर चोवीस घरांची गरज भागते, आणि महिन्याला हजारप्रमाणे पैसे परत येत राहिले तर तोच पैसा पुढच्यांना फिरतो. यात जकातची रक्कम मिसळू नये, कारण जकात हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, असं बहुतेक उलमा सांगतात; फंडासाठी अतिया किंवा इमदाद वेगळी गोळा करावी. जकातचा वापर दुसरीकडे होतो. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातचे जे आठ हकदार सांगितले आहेत त्यांत कर्जात बुडालेले लोकही आहेत. रमजानमध्ये राशनच्या पिशव्या वाटताना मोहल्ल्यातल्या एक-दोन कर्जदारांचं मुद्दल एकदम फेडून टाकलं तर त्या घराचा दर महिन्याचा हजार रुपयांचा रक्तस्राव थांबतो. पैसे कर्जदाराला देऊन, कमिटीच्या दोन माणसांनी सोबत जाऊन, सावकाराकडून चेक आणि स्टॅम्प पेपर परत घ्यावेत आणि तिथल्या तिथे फाडावेत.

आपसातलं उसनंही लिहून ठेवावं. कुरआनची सगळ्यात लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याची नोंद करण्याबद्दल आहे, आणि तरी आपल्यात "भाऊबंदकीत कागद कशाला" म्हणतात. कागदावर रक्कम, तारीख, कधीपर्यंत आणि किती हप्त्यांत परत, दोघांच्या सह्या आणि साक्षीदार असावेत. फंड चालवणाऱ्यांनीही हेच करावं, आणि कर्जदाराची नावं नोटीस बोर्डावर लावू नयेत. वही दोन जबाबदार माणसांकडेच राहावी, आणि जमाखर्चाचा एकूण आकडा तेवढा जुम्यानंतर वाचून दाखवावा.